सातची टिंग

कोल्हापुरात तुम्ही कुणालाही काम सांगा, उत्तर ठरलेलं असतं. "झालंच म्हणून समजा." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्या क्षणी त्याला खरंच वाटत असतं की काम झालं. तो चहा पाजतो, पाठीवर थाप मारतो, आणि आपण जिना उतरून खाली येईपर्यंत सगळं विसरतो. मी याच गावची, त्यामुळे मीही जन्मभर असंच म्हणत आले. सुधाकर कांबळे सरांच्या समोरच्या टेबलावर बसायला लागले आणि ही सवय मोडली. खरं सांगायचं तर मोडावी लागली.

मंगळवार पेठेत, एका हार्डवेअरच्या दुकानावर इंगवले साहेबांचं ऑफिस होतं. कबनूरकडच्या यंत्रमागवाल्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. कुठल्या मागावर काय चाललंय, कुठलं कापड कुणाला कधी द्यायचंय, ते त्यात दिसायचं. ते लिहायचे कांबळे सर. ते चालत नाही म्हणून येणाऱ्या शिव्या फोनवर खायची मी. आणि मालक इंगवले साहेब आम्हा दोघांच्या मधे बसून गिऱ्हाइकांना "झालंच म्हणून समजा" म्हणायचे.

सरांची पन्नाशी उलटलेली. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "कुणी यादीत घातलंच न्हाई ओ." ऑफिसच्याच मागच्या दोन खोल्यांत ते म्हाताऱ्या आईसोबत राहायचे. अंगात हाफ शर्ट, ड्रॉवरमध्ये शेंगदाणे, आणि टेबलावर पाटाएवढा जाड जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच खलास झालेली. वायर काढली की मशीन जागच्या जागी मरायचं. नवीन बॅटरी घाला म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? मी कुठं फिरायला नेतोय त्याला?"

त्या लॅपटॉपवर सरांची यादी असायची. तुमच्या-माझ्या मोबाइलवर असतात तशी रंगीत चौकोनांची नव्हे. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं, बस्स. माऊसला काही काम नाही. एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. मूळच्या आज्ञा इंग्रजी होत्या, सरांनी खटपट करून त्या आपल्या बोलीत आणल्या होत्या. 'काय हाय' लिहिलं की यादी पुढ्यात यायची. 'घाल' लिहून पुढे काम लिहिलं की ते यादीत जायचं. 'झालं' लिहून कामाचा नंबर दिला की ते यादीतून उडायचं. जे काम पडून राहील ते मशीन आपणहून वर वर सरकवत न्यायचं, म्हणजे डोळ्यांत खुपत राहील. आणि ज्याची वेळ दिली असेल, त्या वेळेला बारीकशी टिंग वाजायची.

एकदा कबनूरचे मगदूम शेठ ऑफिसात आले. सरांच्या मागे उभे राहून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "काय पावणं, बंद पडलंय व्हय?"

"न्हाई ओ. चालू हाय."

"मग काळं का पडलंय?"

"तुमच्याकडं माग चालू असला की त्यावर चित्रं दिसत्यात काय?" सर म्हणाले. मगदूम शेठना हे पटलं. जाताना मला म्हणाले, "मानूस हुशार हाय, पर त्येला एक चांगला कांपूटर घिऊन द्या की."

सर हुशार होते, पण यादीचं कारण ते नव्हतं. त्यांना कशाचीही आठवण राहायची नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. तरुणपणी त्यांची आई गडहिंग्लजहून पहिल्यांदाच एकटी एसटीनं कोल्हापूरला आली होती. सर तिला स्टँडवर घ्यायला जाणार होते. ते एका प्रोग्रॅममध्ये अडकले आणि विसरून गेले. म्हातारी भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन दुपारपासून दिवेलागणीपर्यंत स्टँडवर बसून राहिली. "रागवली न्हाई ओ," सर सांगायचे. "म्हणाली, मला वाटलंच, तू कामात आसशील. तवापास्नं ठरीवलं. ध्यानात ऱ्हातंय म्हणणारी माणसं वेगळी. आपण त्यातलं न्हवं. आपण लिहायचं."

रोज सकाळी चहा आला की सर यादी मोठ्यानं वाचायचे. आकाशवाणीच्या बातम्या वाचाव्यात तसे, चढउतार न करता. त्या यादीत तीन ढीग होते. एक करायची कामं. एक झालेली. आणि तिसरा ढीग खास कोल्हापूरसाठी केलेला, त्याचं नावच 'झालंच समजा'. कुणी तसं म्हणालं की काम त्या ढिगात जायचं आणि माणसाच्या मागे सरांचा तगादा लागायचा. "हा ढीग सगळ्यात वाईट," ते म्हणायचे. "न झाल्यालं काम दिसतंय तरी. ह्यातलं दिसतच न्हाई."

त्यांचा दुसरा नियम आणखी कडक होता. यादीत फक्त हातानं करता येईल तेवढंच लिहायचं. हा नियम मी शिकले तो इंगवले साहेबांच्या मुलीच्या लग्नात. साहेब हौसेनं येऊन म्हणाले, "कांबळे, आमचं बी एक काम घाला त्या मशीनमधी. घाला, लग्न."

सर म्हणाले, "लग्न हे काम न्हाई."

"आँ?"

"लग्न तुम्ही करताय व्हय? लग्न पोरगी करतीया. तुम्ही काय करणार सांगा. हॉलवाल्याला फोन लावणार? मग घालतो, 'हॉलवाल्याला फोन लावणे'. आचाऱ्याकडं जाणार? घालतो. हाताला जे जमतंय तेवढंच काम. बाकीचं समदं नुसतं डोक्याला ताप."

असं करत करत त्या लग्नाचे त्यांनी इतके तुकडे पाडले की साहेब घाबरले. पण एकेक काम उडत गेलं. शेवटी उरलं एकच, तेही तिसऱ्या ढिगात. मुलीच्या मामाला आमंत्रण. मामा राहायचा मंगळवार पेठेतच, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. साहेबांचं म्हणणं, "घरचाच माणूस हाय. झालंच म्हणून समजा." सर रोज सकाळी वाचायचे, "मामा, अक्षत, झालंच समजा." साहेब रोज हात झटकायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी साहेबांच्या हातात नारळ आणि पत्रिका दिली, त्यांना स्कूटरच्या मागे बसवलं आणि मामाच्या दारात नेऊन सोडलं. मामा नवे कपडे न आणता रुसून बसला होता. "बोलवणंच न्हाई तर येतोय कशाला," असं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो मुलीच्या मागे उभा राहिला आणि अक्षता पडताना सगळ्यांत जास्त तोच रडला.

दुसऱ्यांचे रुसवे असे काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या यादीत मात्र एक काम वर्षानुवर्षं सगळ्यात वर बसलं होतं. सकाळच्या वाचनात पहिलं नाव त्याचंच यायचं. "दादाशी मिटवणे." मग सर "बघू," म्हणायचे आणि पुढचं वाचायचे.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गडहिंग्लजला शेती बघायचा. आई आधी त्याच्याकडेच होती. ती पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि दवाखाना जवळ पडतो म्हणून सरांनी तिला कोल्हापूरला आणलं. पाय बरा झाला तरी डॉक्टर रोज गोळ्या चालू ठेवा म्हणाले, म्हणून ती राहिली. दादाला ते टोचत होतं. तरी तो आईला बघायला यायचा. मागच्या खोल्यांत जायला वाट ऑफिसमधूनच होती. एका शनिवारी तो आला तेव्हा सर चहा आणायला गेले होते आणि लॅपटॉप उघडाच होता. त्यानं वाकून वाचलं. मी समोरच होते.

सर आत आल्या आल्या दादा म्हणाला, "सुध्या, हे काय रं?"

"काय?"

"'रोज सात, आईची गोळी, मग आईशी बोलणे.' आईसंगं बोलायला तुला मशीन सांगतंय व्हय? आई म्हंजे काम हाय? गॅसची टाकी, लाईटबिल आन् आई?"

सर काहीतरी म्हणायला गेले. दादाचा आवाज चढला, खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली. "यादीत घातलास तिला! आपल्या आईला!" असं म्हणत तो आईला न भेटताच जिना उतरला. पिशवीत आणलेला गूळ माझ्या टेबलावरच राहिला. त्या संध्याकाळी सरांनी 'घाल' लिहून 'दादाशी मिटवणे' हे काम घातलं. मुदत टाकली नाही.

मला त्या वेळी दादाचं थोडंसं पटलं होतं, हे लपवून काय करू. आईशी बोलायची आठवण टिंग वाजवून करून द्यावी लागते, हे ऐकायला वाईटच लागतं. पण मी रोज बघत होते. संध्याकाळी सातला टिंग वाजायची. सर लिहिता लिहिता, अर्ध्या ओळीवर बोटं उचलायचे आणि आत जायचे. इंगवले साहेब समोर गिऱ्हाईक घेऊन बसलेले असोत नाहीतर कबनूरचे अख्खे माग बंद पडलेले असोत, फरक पडायचा नाही. आतून आईचा आवाज यायचा, "झाला गं बाई तुझा भोंगा." मग दोघांच्या गप्पा. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुठली भाजी निवडायला किडकी निघाली. गप्पा अशा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांना दुसरं कामच नाही.

एकदा मी आजींच्या शेजारी बसून मेथी निवडत होते. दादाचा विषय निघाला. आजी म्हणाल्या, "थोरल्याला माझी सारखी याद येती. पर त्यो येत न्हाई. ह्या धाकट्याला याद म्हणून येत न्हाई. पर त्यो रोज येतोय." आणि काड्या मोडत हसत बसल्या. मला त्यानंतर दादाचं फारसं पटेनासं झालं.

आजींना न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात मी दुपारचा डबा घेऊन जायची. सर खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप, वायर भिंतीतल्या प्लगात. नर्स ओरडायची, ते ऐकायचे नाहीत. एका दुपारी आजींनी डोळे उघडून विचारलं, "दादासंगं बोललास?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते ते शब्द ऐकले. "झालंच म्हणून समज आई."

आजींना दम लागत होता, तरी त्या हसल्या. "मला फसीवतोस व्हय? तूच सांगतोस न्हवं, झालंच समज म्हंजे झालं न्हाई."

आजींनी सरांच्या मनगटावर हात ठेवला. "कर बाबा तेवढं."

त्यानंतर चार-सहा दिवसांत त्या गेल्या. बातमी नात्यातल्या कुणीतरी गडहिंग्लजला पोचवली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दादा आला. बुद्धवंदना झाली, लोक आजींबद्दल चार शब्द बोलले. दादा पलीकडच्या भिंतीला टेकून बसला होता. दोघा भावांची नाकं, कपाळं, बसायची पद्धत, सगळं एकसारखं. जेवणाच्या पंगतीत सर वाढायला होते. दादाच्या ताटापाशी येऊन त्यांनी भात वाढला. दादानं हातानं बास केलं, तोंडानं काही नाही. जेवून तो स्टँडवर निघून गेला.

सर दुसऱ्याच दिवशी कामावर बसले. संध्याकाळी सातला टिंग वाजली. बोटं सवयीनं वर उचलली गेली, आणि तशीच राहिली. मागच्या खोल्यांत अंधार होता. काही वेळानं त्यांनी 'काढ' लिहिलं, नंबर दिला, एंटर मारलं. मशीननं काम काढलं नाही, उलट प्रश्न विचारला. रोज येणाऱ्या कामाला ते नेहमी विचारतं. प्रश्नाचे शब्द सरांनीच कधीकाळी गमतीनं घातले होते.

'हे काम रोजचं हाय. फुडची समदी काढू काय? व्हय / न्हाई.'

सर ते बघत बसले. मग म्हणाले, "मेघाताई, जरा 'व्हय' दाबा की. माझा हात उठंना."

मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले. माझाही हात उठेना. मला रडू फुटलं आणि मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की सर. वाजू दे."

ती वाजत राहिली. रोज सातला टिंग, आणि रोज सर अर्धवट उठून परत बसायचे. ऑफिसात कुणीही त्या वेळेला बोलायचं नाही. इंगवले साहेबसुद्धा त्या वेळेला खाली पान खायला जायला लागले. आणि सकाळी यादी वाचताना पहिलं काम तेच. "दादाशी मिटवणे." आता "बघू"सुद्धा नाही. एक दिवस मला राहवलं नाही. शोक आपल्या जागी, पण रोज सकाळी तेच ऐकून माझं डोकं फिरायला लागलं होतं. मी म्हणाले, "सर, मिटवणे हे काम हाय व्हय?"

"म्हंजे?"

"लग्न हे काम न्हवं, असं तुम्हीच सांगिटलंय. मिटवणे तुमच्या एकट्याच्या हातात हाय काय? तुमच्या हाताला काय जमतंय तेवढं सांगा."

सरांनी चष्मा काढून पुसला. रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. बराच वेळ शेंगदाण्यांची टरफलं बोटानं एका रेषेत लावत बसले आणि म्हणाले, "फोन लावाय जमंल."

त्यांनी वरचं काम काढून टाकलं. नवीन घातलं नाही. त्याऐवजी आईचं रोजचं काम उघडलं, 'बदल' लिहिलं आणि पुढचे शब्द बदलले. वेळ तीच, टिंग तीच. 'रोज सात, दादाला फोन लावणे.'

त्या संध्याकाळी टिंग वाजली. सर उठले, मागच्या गॅलरीत गेले आणि फोन लावला. रिंग जाऊन जाऊन बंद झाली. सर आत आले आणि त्यांनी 'झालं' मारलं.

"उचललाच न्हाई की त्यांनी," मी म्हणाले.

"लावायचं काम माझं. उचलायचं त्याचं."

असे बरेच दिवस गेले. मग एकदा दादानं उचलला. सुरुवातीला नुसतं "हं" आणि "बरं". एकदा तिकडून प्रश्न आला, आणि गडहिंग्लजकडची माणसं बोलायला लागली की फोनची गरज नसते, त्यामुळे मलाही ऐकू आला. "मशीननं सांगिटलं म्हणून केलास काय फोन?"

सर खोटं बोलले असते तर चाललं असतं. ते म्हणाले, "व्हय."

तिकडून फोन बंद. मी कपाळावर हात मारला. सरांनी 'झालं' मारलं आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा लावला. दादा उचलायचा, पण आवाजात धार तशीच. पाऊस, ऊस, खताची गाडी, एवढंच. आईचं नाव दोघांपैकी कुणी काढायचं नाही. हे असंच राहणार, आपला माणूस रोज एक रुक्ष फोन करत म्हातारा होणार, असं मला वाटायला लागलं होतं.

माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि मी नोकरी सोडायची ठरवली. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारपासून वारा सुटला होता आणि संध्याकाळी गल्लीतली लाईट गेली. लॅपटॉप जागच्या जागी मेला. सरांना मगदूम शेठचं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. ते अंधुक उजेडात खिडकीपाशी बसून छापलेले कागद तपासत होते, मान खाली, जग विसरून. मी माझं टेबल आवरत होते. सात कधी वाजले ते मलाही कळलं नाही. टिंग वाजायला मशीन चालू कुठं होतं?

सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी न बघताच कानाला लावला.

"सुध्या! सात वाजून गेलं की रं. मशीन मेलं काय तुझं?"

सर ताडकन उभे राहिले. कागद खाली पडले. "लाईट न्हाई दादा."

"लाईट न्हाई म्हणून दादा न्हाई व्हय?"

"विसरलो," सर म्हणाले.

"ते म्हाईत हाय मला. ल्हानपणापास्नं म्हाईत हाय." मग दादाचा आवाज खाली आला, इतका की सरांनी फोन कानाला दाबून धरला. मला एवढंच कळलं की त्यात "आई" हा शब्द आला होता. सर "व्हय दादा, व्हय," म्हणत गॅलरीत गेले.

थोड्या वेळानं लाईट आली. मी लॅपटॉप चालू करून दिला. काळा पडदा उघडला, हिरवी अक्षरं आली, आणि राहून गेलेली टिंग उशिरानं वाजली. मी गॅलरीच्या दारात जाऊन खुणेनं विचारलं, 'झालं' मारू का?

सर कठड्याला टेकून उभे होते. डोळ्यांतलं पाणी पुसलेलंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको, आणि फोनमध्ये म्हणाले, "न्हाई न्हाई, बोल तू. मला काय काम न्हाई."